कोटाचा रूल असते का, भाऊ?

लग्नसराईत नवरदेवाचा कोट शिवायला टाकताना हा प्रश्न निघतोच. रंगांचे रूल मोबाइलवर वाचून सगळ्यांना पाठ. शहरात तपकिरी बूट नको, म्हणे! हा लंडनच्या सायबांचा त्यांच्या हवेतला संकेत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-दिग्रसकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे तो कोणी पाळला नाही तर काय बिघडलं? वकिलांचंच बघा. बार कौन्सिलचा नियम लेखी आहे, तरी उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून काळ्या कोटाची सक्ती नाही.

पक्का नियम मी एकच मानतो: कापड अंगावर नीट पडलं पाहिजे. तिथे कोणाला सवलत नाही.

खांद्याची शिलाई हाडाच्या टोकावर संपायला हवी. कंबर दाबातून, म्हणजे शिलाईच्या आत मुडपलेल्या जादा कापडातून, इंचभर सोडता येते, बाही खालून कमी होते. खांदा चुकला तर बाही उसवा, कॉलर उसवा, जवळजवळ नवा कोट शिवा. आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल! "हात मोकळा राहू द्या" म्हणून लोक खोल मुंढा मागतात, होतं उलटंच. हार घालायला हात वर केला की अख्खा कोट वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ घ्या, ढील छातीत द्या, मापावर ३ ते ४ इंच.

शेतात राबणाऱ्याची पाठ पुष्कळदा पुढे झुकलेली, एक खांदा उतरलेला असतो. नुसत्या छाती-कंबरेच्या मापात हे येत नाही. ताठ माणसाच्या कटिंगवर त्याचा कोट बेतला की कॉलर मानेपासून सुटते आणि मागची बाजू खालून उचलते. पाठीची उंची वाढवावी लागते, आणि ती किती हे कच्च्या शिलाईच्या ट्रायलमध्येच दिसतं. नेमकी तीच ट्रायल लोक टाळतात. साडीला मॅचिंग रुमाल शोधायला मात्र दोन चकरा मारतील.

खालचं बटण उघडं ठेवायच्या रिवाजाला इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचं नाव जोडतात. मला त्यापेक्षा कटिंग महत्त्वाचं वाटतं. दोन बटणी कोटाचा काठ कंबरेखाली बाजूला वळलेला असतो, दोन्ही बटणं लावली की पोटावर चुण्या पडतात. जोधपुरीचा काठ सरळ, तिथे सगळी लावा.

घाईत शिवलेल्या कोटाच्या छातीवर नंतर फोड येतात. आतलं फ्युजिंग, म्हणजे कापडाला ताठपणा देणारा चिकट थर, साध्या इस्त्रीने चिकटवलेलं असतं. मशीनसारखी एकसारखी उष्णता आणि दाब इस्त्रीला जमत नाही, मग ड्रायक्लीनला ते जागोजागी सुटतं.

उन्हाळ्याच्या लग्नाला पाठीत अर्धंच अस्तर पुरे, कापड मीटरला २५० ग्रॅमच्या आसपास.

पँटचं माप चपलेवर देऊ नका. लग्नातले बूट घालूनच उभे राहा. टाच इंचभर उंच निघाली तर पँट तेवढी वर जाते, आणि मोहरीत, म्हणजे पायाच्या खालच्या काठात, दीड-दोन इंच दाब ठेवला असेल तरच ती खाली सोडता येते.