स्टॅलोन निवडून आला, माझा कापूस राहिला

माझ्या रांगेच्या टोकनाच्या मागच्या बाजूवर सिल्व्हेस्टर स्टॅलोनला मतं पडली आणि त्यापायी माझा कापूस काट्यावर चढायचा राहिला, हे मी घरी सांगून पाहिलं. बायकोनं "जेवून आले का?" एवढंच विचारलं. म्हणून लिहून काढतो.

जिनिंगचं आवार, हमीभावाची खरेदी, ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर नाल्यापर्यंत. रात्र रांगेतच काढलेली. ज्यानं विदर्भात कापूस पिकवला त्याला पुढचं पाठ आहे, आणि ज्यानं नाही पिकवला त्याला सांगून फायदा नाही.

सकाळी पुढच्या ट्रॉलीवरच्या पोट्ट्यानं मोबाइलवर माइक टायसन लावला. १९८८ सालची लढत, मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवला ती. टायसनचं बरं आहे, त्याची अख्खी लढत रीलमध्ये मावते. मला बॉक्सिंगचा नाद जुना. मी सहज म्हणालो, "हा हॉल ऑफ फेममध्ये आहे, बरं का."

"कोनाच्या हालात?" मागून आवाज आला.

माझ्या मागच्या ट्रॉलीचे मालक, धोतर, डोक्याला दुपट्टा. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. मामा खर्रा घोटत होते. ज्यांनी खर्रा घोटणारा माणूस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालायचा आणि ती पन्नी तळहातावर अशी रगडायची, की बघणाऱ्याच्या अंगाला चटके बसावेत. घोटणं चालू असेतो मामा बोलत नसत, समोरच्याचं ऐकून घेत. घोटणं थांबलं की समजावं, निकाल तयार आहे. मग खर्रा गालात जाई, हनुवटी आभाळाकडं होई आणि रस सांडू नये अशा बेतानं एकेक शब्द बाहेर येई. काही शब्दांबरोबर रसही येई. माझ्या चपला त्याला साक्षी आहेत.

मी त्यांना सांगितलं, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॅनस्टोटा नावाचं छोटं गाव आहे, तिथं हे मुष्टियोद्ध्यांचं सन्मानघर आहे. १९९० साली पहिल्यांदा मोठमोठ्या लोकांना आत घेतलं. मुहम्मद अली त्यातलाच.

"न्यूयार्कात सोडून खेड्यात काऊन?"

हा प्रश्न चांगला होता, कबूल. त्या गावचे दोन गडी जगज्जेते झाले : कारमेन बॅसिलिओ आणि त्याचा भाचा बिली बॅकस. बॅसिलिओनं १९५७ साली शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. गावाला या मामा-भाच्यांचं कौतुक करायचं होतं, त्यातून पुढं ते सन्मानघर उभं राहिलं. बॅसिलिओचा बाप कांदा पिकवायचा. गावच कांद्याचं.

घोटणं थांबलं. "मंजे कांदेवाल्याच्या गावात जगभरचे पयलवान येऊन राह्यले, अन् आपल्या इथी कापूसवाल्याच्या गावात ग्रेडर येत नाई."

दोनचार जण हसले. मी हसलो नाही. ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत तपासणारा माणूस, खरंच आला नव्हता. तो चहाला गेला होता आणि त्याचा चहा हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. दरम्यान रात्रभर दव पडत असतं. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढं कपात, १२च्या वर गेला तर गाडी परत. घरून निघताना कापूस खडखडीत वाळलेला होता. ओलावा धरला तो त्यांच्या रांगेत, कपात होणार ती माझ्या पैशातून. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८,११० रुपये भाव कागदावर छापून आला, पण त्या कागदावर दव पडत नाही. असो. टायसनकडं वळू.

पोट्ट्यानं पुढची रील काढली. १९९७, टायसन होलीफिल्डचा कान चावतो ती.

"ह्यालेबी घेतलं का आत?" मामांनी विचारलं. "कानवाल्याले?"

"हो, २०१७ साली."

"अन् चावनाऱ्याले?"

"२०११."

"वा! चावनारा सहा वर्सं आंधी आत!"

मी समजावलं, की तिथं निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागायचं, अलीकडं ते तीनवर आलं. होलीफिल्डनं लढणं उशिरा सोडलं, म्हणून त्याचा नंबर उशिरा लागला.

"मंजे जो जास्त राबला त्याले मागून. बराबर हाय. आपल्याले नवीन नाई."

या माणसाशी वाद घालणं अवघड होतं. आपण नियम सांगावा आणि त्यानं त्यातून अन्याय काढून दाखवावा. फ्लॉइड मेवेदर २०१७पर्यंत पन्नास व्यावसायिक लढती लढला, एकही हरला नाही, हे सांगितल्यावर म्हणाले, "मंग त्याले हरन्यातलं काय समजते? त्याले भायेर काढा." जॉर्ज फोरमन पंचेचाळीसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला, याचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्यानं आपल्या पाचही पोरांची नावं जॉर्जच ठेवली हे कळल्यावर घोटणं थांबलं. "रेशनच्या दुकानात अंगठा कोनाचा कोन लावत असंल?" यावर रांगेत बरीच चर्चा झाली. अंगठा न उठणाऱ्या म्हाताऱ्यांची उदाहरणं निघाली आणि फोरमनचा प्रवेश एकमतानं मंजूर झाला. माणूस २०२५च्या मार्चमध्येच वारला, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वारस नोंदीवर घटकाभर गेली असती.

फिलिपाइन्सचा मॅनी पॅकियाव २०२५च्या जूनमध्ये सन्मानानं आत गेला आणि जुलैत पुन्हा ग्लोव्हज चढवून लढायला उतरला. वय ४६, आणि लढत बरोबरीत सोडवली. मामा म्हणाले, "कर्ज असंल." मी म्हटलं, मामा, तो कोट्यधीश आहे, सिनेटर होता. "मंग लय मोठं कर्ज असंल."

आणि मग स्टॅलोन.

मामांनी कुठं तरी, बहुधा टीव्हीवर, त्याचा 'रॉकी' हा बॉक्सरचा सिनेमा पाहिला होता. "तो वाकड्या तोंडाचा. मार खाऊ खाऊ जिंकते. त्याले घेतलं का नाई?"

मी हसलो. जरा जास्तच हसलो असेन. म्हणालो, "मामा, तो नट आहे. खरा बॉक्सर नाही. त्याला कोण घेणार?"

मामांनी पन्नी खिशात ठेवली आणि पोट्ट्याकडं बोट केलं. "पाय बरं त्या मोबाइलात."

पोट्ट्यानं पाहिलं. रेंज यायला वेळ लागला, तेवढ्यात रांगेतली आठदहा माणसं गोळा झाली. मग तो ओरडला, "हाय ना बे! स्टॅलोन! २०११! टायसनच्याच साली!"

आता इथं मला एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण तिथं कोणी नोंदवू दिली नाही. स्टॅलोनला लढवय्या म्हणून घेतलेलं नाही. लेखक, पत्रकार, कलावंत अशांसाठी निरीक्षक नावाचा वेगळा गट असतो, त्यात घेतलंय. हा फरक लहान नाही. हे मी उभं राहून, हात वर करून, सविस्तर सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, हरले तं हरले म्हना." मी गुरुजी नाही. मी शेतकरी आहे. मला चष्मा आहे, एवढ्यावरून गुरुजी. आणि मामा हनुवटी वर करून, अतिशय मायेनं म्हणाले, "वाचत जा थोडं."

ज्याच्या तोंडात खर्रा आणि हातात पन्नी, त्यानं मला वाचायला सांगावं. हे मी अजून विसरलेलो नाही.

तिकडं मतं कोण देतं, हे मामांनी पुढं विचारलं. बॉक्सिंगवर लिहिणारे पत्रकार आणि इतिहासकार, मी म्हणालो.

"मंजे जे कधी लढले नाई ते?"

"बहुतेक, हो."

"मंग आपुनबी देऊ शकतो. आपुनबी नाई लढलो." लगेच कागदाची विचारणा झाली. माझ्या शर्टाच्या खिशातून टोकन डोकावत होतं, मागची बाजू कोरी. "एक मिन्ट, गुरुजी," म्हणून पोट्ट्यानं ते ओढलंच. अलीचं नाव लिहू नका, तो वादापलीकडचा, असं मीच सांगितलं. नावं लिहिली गेली. मी कौर सिंगांचं नाव घालायला लावलं. १९८० साली अली दिल्लीत आला तेव्हा त्याच्याशी प्रदर्शनी सामन्यात भिडलेला हा आपला माणूस. फौजेतला सुभेदार. १९८२च्या एशियाडचं सुवर्ण. निवृत्तीनंतर पंजाबात शेती केली, आणि म्हातारपणी इलाजासाठी कर्ज काढावं लागलं. २०२३ साली गेला. त्या सन्मानघरात तो बसत नाही, कारण तिथला कारभार मुख्यतः व्यावसायिक लढवय्यांचा. तरी मी म्हटलं, लिहा. कर्जाचं ऐकून मामांनी त्याच्यापुढं स्वतःची रेघ मारली. इतरांनी स्टॅलोनपुढं मारल्या. सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता, कौर सिंग कोणी पाहिला नव्हता.

मतपत्रिका ट्रॅक्टर-ट्रॅक्टरनं मागं सरकत गेली. गेटपासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून पलीकडं, जिथं बंड्या उभ्या होत्या तिथवर. लोकशाहीची हौस आपल्याकडं दांडगी. आणि नेमका तेव्हाच ग्रेडर चहावरून आला, भोंगा खरखरला आणि माझा नंबर पुकारला गेला.

टोकनाशिवाय गाडी आत नाही. मी गेटवर सांगितलं, टोकन आहे, फक्त मतदानाला गेलंय. गेटवाल्यानं माझ्या तोंडाचा वास घ्यायचा प्रयत्न केला. भोंग्यानं पुढचा नंबर पुकारला. तो मामांचा होता. मामांनी ट्रॅक्टर बाजूनं काढला, जाता जाता म्हणाले, "काळजी नोका करू, येईनच ते," आणि आत गेले. त्यांचं माप झालं, पावती झाली, रिकामी ट्रॉली खडखडत परत गेली. ओलावा किती भरला ते विचारायचा मला धीर झाला नाही.

ऊन कलल्यावर पोट्टा मोटारसायकलवर टोकन घेऊन आला. चार घड्या, एका कोपऱ्याला खर्ऱ्याचा डाग. मी पळत खिडकीवर गेलो. बाबूनं टोकन घेतलं, नंबर पाहिला, मग उलटं केलं आणि सावकाश वाचू लागला. माझ्या मागं माणसं खोळंबली होती, त्यांचं त्याला काही नव्हतं.

"स्टॅलोन पयला?" तो म्हणाला. "अन् अली कुठी हाय?"

"तो १९९० पासूनच आत आहे, साहेब. वादच नाही. म्हणून मतदानात घेतला नाही."

"असं कसं? मत पडल्याबिगर निवडून आला म्हनता का?" त्यानं कानावरचं पेन काढलं, सगळ्यांत वर अलीचं नाव लिहिलं, त्यापुढं एक ठसठशीत रेघ मारली आणि टोकन माझ्याकडं सरकवलं.

"उद्या नवीन घ्या. लिहलेलं टोकन चालत नाई."