‘लोकेशन टाका ना!’
ऑक्टोबर उजाडला की आमच्या पक्षीवाल्यांच्या अंगात येतं. भांडुपला खाडीच्या बाजूला कुणाला तारेवर बसलेला युरोपियन रोलर (आपल्या नीलपंखाचा परदेशी भाऊबंद) दिसतो, तो हौसेने ग्रुपवर फोटो टाकतो, आणि ‘वा, सुंदर’ म्हणायच्या आधीच सगळे सुरू: ‘लोकेशन टाका ना!’

रविवारी सकाळी तिथे वरात हजर. हातभर लांब लेन्स, अंगात मिलिटरी छापाची जॅकेटं (ऑक्टोबर हीटमध्ये घाम निथळतोय, पण जॅकेट हवंच). आणि शांत बसलेला पक्षी कुणाला बघवेल तर शपथ! “बसलेला मिळाला, आता फ्लाइट शॉट पाहिजे.” मग एक महाशय वाकून ढेकूळ उचलतात. दुसरे मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावतात. पक्षी उडतो, खटाखट शटर, तो जरा लांब जाऊन बसतो, की पुन्हा ढेकूळ.

अहो, तो इथे मुक्कामाला नाही आलेला. आफ्रिकेला निघालाय. वाटेत नाकतोडे खाऊन अंगावर चरबी चढवायची, तीच पुढच्या प्रवासाची शिदोरी. ती तुम्ही फ्लाइट शॉटसाठी जाळताय! नोव्हेंबरात लोणावळ्याकडून अमूर ससाणे जातील. जेमतेम दीडशे ग्रॅमचा जीव, अरबी समुद्र एका दमात ओलांडणारा. त्याचंही स्वागत असंच.

हटकलं तर उत्तर तयार: “तुम्ही काय मालक आहात का?” नाही हो. पण निदान दोन मिनिटं दुर्बिणीतून बघा तरी! छे, दुर्बीण आणलेलीच नसते. पक्षी कोणता होता, तेही संध्याकाळी ग्रुपवर विचारतात.