साठीनंतरच्या श्वासनळ्या आणि विडीचा धूर

फोंडा-म्हापशाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय : साठीनंतर सीटी स्कॅनमध्ये सगळ्यांच्याच श्वासनळ्या रुंद, जाड दिसतात, विडी-सिगारेटचा त्यात संबंध नाही, आता सोडून उपयोगही नाही, कारण एकाने सोडली तर पुढच्या स्कॅनमध्ये त्याचं फुप्फुस आणखी बिघडलेलं निघालं. हे वाचून आमच्या शेजारच्या काकांनी सुटलेली विडी परत पेटवली. मी सीटीचे रिपोर्ट लिहिते, गप्प बसवेना.

सुरुवातीचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्कॅनमध्ये श्वासनळी आणि तिची रक्तवाहिनी जोडीने दिसतात. तरुणपणी नळी सहसा वाहिनीहून थोडी बारीक असते. वयानुसार ती रुंदावते, आणि पासष्टीपुढच्या धडधाकट माणसातही वाहिनीहून मोठी दिसू शकते. तेवढ्यावरून कुणाला आजारी ठरवू नये.

पण ‘संबंध नाही’ हे साफ चूक. धुराने नळीच्या भिंती सुजतात, कफाच्या ग्रंथी वाढतात. (चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांच्याही. त्यांना कुणी विचारतच नाही.) वयाने वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) सगळीकडे सारखेच सैलावतात, त्यांच्या भिंती शाबूत राहतात. विडीचा धूर त्या भिंतीच खातो, तेही जागोजागी आणि बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात. स्कॅनवर तिथे काळी भोकं दिसतात. हा एम्फिसिमा, त्याला म्हातारपण म्हणत नाहीत.

आणि स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या सीटीत थेट दिसत नाहीत, आणि धूर आधी त्यांनाच गाठतो.

राहिला तो ‘बिघडलेला’ स्कॅन. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात सूज आणि धुराने भरलेल्या पेशी असतात, त्यामुळे ते स्कॅनवर जरा दाट दिसतं. विडी सुटली की सूज ओसरते, दाटपणा उतरतो, आणि आधीचीच भोकं मोजणीत जास्त निघतात. चांगलं घडलेलं वाईट वाचलं जातं, ते असं. गेलेल्या भिंती परत येत नाहीत, हे खरं. पण अमेरिका-कॅनडात सीओपीडीच्या (दम लागण्याच्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना ११ वर्षं तपासलं, तेव्हा पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा ओढत राहिलेल्या पुरुषांत वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटर घटत होती, सोडलेल्यांत सुमारे ३०.

काकांना मी एवढंच सांगितलं : पुढच्या वेळी जुना आणि नवा, दोन्ही स्कॅन घेऊन जा, विडी कधी सोडली ती तारीख डॉक्टरांना सांगा, आणि फुंकायची चाचणीही करून घ्या.