गन शोमधलं जुनं रिव्हॉल्व्हर, एच-१बी आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, आणि वाईट म्हणजे लोक त्याखाली "खूप उपयुक्त माहिती" असं लिहून पुढे ढकलतायत. मेसेज थोडक्यात असा: गन शोला, म्हणजे बंदुकांच्या बाजाराला, जा, कागद नाही पत्र नाही, भाजी घेतात तशी बंदूक घ्या. एच-१बी वर असलात तरी कोणी विचारत नाही. तुमच्या राज्यात नियम कडक असतील तर शेजारच्या राज्यात जा. जुनं रिव्हॉल्व्हर घ्या, जितकं जुनं तितकं महाग, घरी आणून पॉलिश मारा, पुढच्या शोला दुप्पट भावाने विका, सोन्यापेक्षा भारी गुंतवणूक. आणि १८९८ पर्यंतचं असेल तर कायद्याने ती बंदूकच नाही, बॅगेत घाला आणि भारतात न्या.

मी टेक्सासला राहतो, इथला नागरिक आहे, जुनी स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट रिव्हॉल्व्हर जमवण्याचा छंद बऱ्याच वर्षांपासून आहे, ओक्लाहोमातल्या टल्साचा तो भलामोठा शो, चार हजारांवर टेबलं असतात तिथे, एप्रिल आणि नोव्हेंबरला भरतो, तिथे जाणं-येणं असतं. म्हणून हे लिहितोय. या मेसेजमधली एक-एक गोष्ट ऐकून कोणी खरंच गेलं तर नुसते पैसे नाही बुडणार, व्हिसा जाईल आणि तुरुंगसुद्धा होऊ शकतो.

"कागद नाही पत्र नाही."

गन शो म्हणजे कायद्यातून सुटलेली जागा असा जो समज आहे तो आधी काढून टाका. लायसन्सवाला डीलर दुकानात जे करतो तेच त्याला शोच्या टेबलावरही करावं लागतं. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, सरकारी फोटो आयडी दाखवायचा, मग तो एफबीआयच्या निक्स या बॅकग्राउंड चेकच्या सिस्टीमवर तुमचं नाव तपासतो, ही सिस्टीम नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे, आणि तिकडून "प्रोसीड", म्हणजे हिरवा कंदील, आलं की माल हातात. डीलरकडून हँडगन घ्यायची तर वय २१ पूर्ण पाहिजे. शोमधल्या कितीतरी टेबलांवर हे डीलरच बसलेले असतात.

मग हा समज आला कुठून? तर एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खाजगी माणसांनी, म्हणजे ज्यांचा हा धंदा नाही अशांनी, आपापसात व्यवहार केला तर फेडरल कायदा बॅकग्राउंड चेक मागत नाही. हे खरं आहे, आणि टेक्सास-ओक्लाहोमात राज्याचाही तसा नियम नाही. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो, वॉशिंग्टन इथे खाजगी व्यवहारालासुद्धा चेक लागतोच. आणि जिथे नाही लागत तिथेही, समोरच्या माणसाला बंदूक ठेवायला बंदी आहे हे माहीत असताना किंवा तशी शंका यायला जागा असताना विकली तर विकणाराही गुन्हेगार. म्हणून जुने कलेक्टर स्वतःहून राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बघतात, बरेचजण कॅरी परमिट, म्हणजे बंदूक बाळगून फिरायचा परवाना, तोही मागतात, दोघांच्या सह्यांचा साधा विक्रीचा कागद करतात. मी स्वतः तो कागद झाल्याशिवाय एकही रिव्हॉल्व्हर दिलेलं नाही, देणारही नाही.

"एच-१बी वर असलात तरी कोणी विचारत नाही."

हे वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं, कारण ग्रुपातली निम्मी मुलं एच-१बी नाहीतर एफ-१ वर आहेत. नीट वाचा. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं तर सोडाच, जवळ ठेवायलाही मनाई आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१, आईबाबा येतात तो बी-२, सगळे यात आले. कोणी विचारलं की नाही याचा काही संबंध नाही, गुन्हा जवळ ठेवण्याचा आहे. २०२२ च्या बायपार्टिसन सेफर कम्युनिटीज ॲक्टनंतर त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत गेली आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात की पुढे डिपोर्टेशन. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढलेली माणसं आपली, एका रिव्हॉल्व्हरपायी सगळं घालवून बसायचं?

अपवाद आहेत, ते लपवत नाही. कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर ही मनाई लागू होत नाही, फॉर्मवर त्याचा वेगळा प्रश्नच आहे. पण तो रस्ता घ्यायचाच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, ग्रुपवर नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसावाली मनाई नाही.

आणि हो, "मित्र सिटिझन आहे, त्याच्या नावावर घेऊ" हेही कोणीतरी खाली लिहिलं होतं. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. फॉर्मवर स्पष्ट विचारलेलं असतं, खरा घेणारा तुम्हीच का? तिथे खोटं "हो" लिहायचं, तेही ज्याला बंदी आहे त्याच्यासाठी घेताना, म्हणजे मित्रालाही १५ वर्षांपर्यंतची शिक्षा. असा मित्रधर्म कोणाकडून मागू नका.

"शेजारच्या राज्यात जा."

रिव्हॉल्व्हर म्हणजे हँडगन. हँडगन परराज्यातल्या माणसाला थेट देता येत नाही, ना खाजगी माणसाला ना डीलरला. टल्सात आवडलेलं रिव्हॉल्व्हर टेक्सासच्या माणसाला हवं असेल तर ते टेक्सासमधल्या डीलरकडे पाठवायचं, तिथे फॉर्म, तिथे चेक. फक्त ज्याच्याकडे क्युरिओ अँड रेलिक म्हणजे सी अँड आर, जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांचं, लायसन्स आहे तो ५० वर्षांहून जुना माल परराज्यात थेट घेऊ शकतो. ३० डॉलर फी, तीन वर्षं मुदत, आणि प्रत्येक देण्याघेण्याची नोंदवही ठेवावी लागते. माझ्याकडे आहे. अर्ज करताना पार्श्वभूमी तपासतातच, त्यामुळे हीसुद्धा पळवाट नाही.

"जितकं जुनं तितकं महाग."

हे ज्याने लिहिलं त्याने एकदासुद्धा शोमध्ये फेरी मारलेली नसावी. आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांची १८९०-१९०० च्या सुमाराची .३२ आणि .३८ ची छोटी टॉप-ब्रेक रिव्हॉल्व्हरं, मधून मोडून उघडतात ती, टेबलाटेबलावर पडलेली असतात, सव्वाशे वर्षांची आहेत आणि शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास मिळतात, कारण ती लाखांनी बनली आणि स्वस्तात विकली गेली. उलट कोल्ट पायथन १९५५ ला आलं, म्हणजे त्यांच्यापुढे अगदी कालचं, २००५ ला बंद झालं, २०२० ला नव्याने सुरू झालं, तरी जुनं चांगलं पायथन आज हजारोंच्या घरात जातं. स्मिथ अँड वेसनचं १९३५ चं .३५७ रजिस्टर्ड मॅग्नम त्याहून वर, त्या काळी गिऱ्हाइकाच्या मापाने बनवून रजिस्ट्रेशनचा कागद द्यायचे, पहिलं एफबीआयच्या एडगर हूवरला दिलेलं. कमी बनलं, उत्तम बनलं, आणि मूळ रूपात टिकलं, भाव या तीन गोष्टींना आहे.

चौथी गोष्ट म्हणजे इतिहास, आणि तो कागदावर सिद्ध झालेला. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ ला ज्या कोल्टने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला मारलं ते ऑगस्ट २०२१ च्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. तसलंच, त्याच सालातलं कोल्ट इतिहासाशिवाय त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनच इथे नकली इतिहासाचा धंदा चालतो. अमेरिकन घोडदळाच्या कोल्ट सिंगल ॲक्शनवर "यू.एस." शिक्का आणि तपासनिसाची आद्याक्षरं असतात, त्यातली ऑरव्हिल एन्सवर्थची "ओ.डब्ल्यू.ए." सगळ्यात भाव खाणारी, कारण लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या लढाईत सेनाधिकारी कस्टरच्या लोकांकडे त्याने तपासलेल्या लॉटमधली कोल्टं होती. मग साध्या कोल्टवर कोणीतरी ही तीन अक्षरं ठोकतो आणि किमतीला आणखी शून्य लावतो. कोल्टकडून किंवा स्मिथ अँड वेसनच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून फी भरून पत्र मिळतं, या नंबरचं रिव्हॉल्व्हर कधी, कुठे पाठवलं, बॅरल केवढं, फिनिश कोणतं. महाग वस्तू आणि विकणारा म्हणतोय "पत्राची काय गरज", तर टेबल सोडा.

"घरी आणून पॉलिश मारा."

हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण असं करून लोकांनी किती सुंदर वस्तू मारून टाकल्या आहेत. कलेक्टर बघतो ते मूळ ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा कारखान्यातला निळा-काळा थर, किती टक्के उरलंय ते. ९५ टक्के आणि ७० टक्के यात भावाचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि बफिंग करून पुन्हा ब्ल्यू केलेलं कितीही चकचकीत दिसू दे, चांगल्या पीसची किंमत अर्ध्यावर येऊ शकते. व्हॅन गॉगने स्वतःवर झाडलं असं मानतात ते रिव्हॉल्व्हर २०१९ ला पॅरिसमध्ये १,६२,५०० युरोला गेलं, पूर्ण गंजलेलं, शेतात सापडलेलं. ते कोणी पॉलिश पेपरने घासून काढलं असतं तर?

रिफिनिश, म्हणजे असं पुन्हा ब्ल्यू केलेलं, ओळखायचं कसं ते सांगतो, हे घेणाऱ्याच्या खरंच कामाचं आहे. टेबलवाल्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हातात आलं की तोंड माणसांकडे नको, सिलिंडर उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना बघायचं. सिलिंडर बंद करताना मनगटाला झटका द्यायचा नाही, क्रेन, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतं तो हात, वाकते, आणि ते बघून जुना माणूस तुमच्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेईल. मग उजेडात कडा बघा, बॅरलच्या आणि फ्रेमच्या कडा धारदार पाहिजेत, बफिंगने त्या गोलावतात. स्क्रूच्या भोकांभोवती खळगी झाली असेल तर बफिंगचं चाक फिरलंय. कंपनीची अक्षरं पुसट वाटतायत आणि ब्ल्यू मात्र कोरं करकरीत, हे दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. जुन्या स्मिथच्या हॅमर-ट्रिगरवर केस-हार्डनिंगचे, म्हणजे तापवून पोलादाचा वरचा थर कडक करतात त्याचे, निळे-तपकिरी रंगांचे ढग असतात, तेही ब्ल्यू केलेले दिसले तर कुणीतरी बाहेर काम केलंय असंच समजा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या स्मिथवर नंबर मुठीच्या बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि बॅरलच्या खालच्या सपाट भागावर असतो, तिन्ही जुळायला हवेत, मुठीच्या उजव्या लाकडाच्या आतही बऱ्याचदा तोच नंबर सापडतो. शोमध्ये ॲक्शनला, म्हणजे चालणाऱ्या यंत्रणेला, प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली असते, ती मालकाला काढायला सांगून हॅमर हळू मागे ओढा, सिलिंडर पूर्ण फिरून जागेवर लॉक झालं पाहिजे, प्रत्येक घराला. रिकामं ट्रिगर मात्र विचारल्याशिवाय दाबू नका.

"पुढच्या शोला दुप्पट भावाने."

डीलरला विकलंत तर तो त्याचा नफा ठेवून भाव करणार, म्हणजे नुकतं घेतलेलं लगेच विकलं तर बहुतेक वेळा तोटाच. स्वतः टेबल लावायचं तर भाडं, प्रवास, हॉटेल. पण खरी गोम वेगळी आहे. स्वतःच्या संग्रहातला एखादा पीस विकणं, बदलून दुसरा घेणं, याला लायसन्स लागत नाही. नफ्यासाठी पुन्हा पुन्हा घ्यायचं आणि विकायचं, मेसेजमध्ये सांगितलंय तस्संच, याला कायदा धंदा म्हणतो, २०२२ ला ती व्याख्या आणखी कडक केली, आणि डीलरच्या लायसन्सशिवाय असा धंदा केला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा. सी अँड आर लायसन्सवरही धंदा चालत नाही.

"१८९८ पर्यंतचं बॅगेत घालून भारतात."

१८९८ किंवा त्याआधी बनलेलं रिव्हॉल्व्हर अमेरिकेच्या फेडरल कायद्यात अँटिक धरतात, त्याला ४४७३ लागत नाही, इतकं खरं. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. आणि साल मॉडेलचं नाही, त्या विशिष्ट पीसचं. कोल्ट सिंगल ॲक्शन १८७३ चं मॉडेल, पण बनत राहिलं १९४० पर्यंत, त्यामुळे नंबर साधारण १,८२,००० च्या आत असेल तरच अँटिक, त्यापुढचं नाही. "१८७३ चं आहे" म्हणून १९०५ चं कोल्ट गळ्यात मारणारे भेटतात.

पण ही १८९८ ची रेष अमेरिकेची, भारताचा तिच्याशी काही संबंध नाही. भारतात १९५९ चा आर्म्स ॲक्ट चालतो. त्यात जुन्या शस्त्राला सूट आहे ती दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशालाच, आणि कलेक्टर ज्याला चांगलं अँटिक म्हणतो ते तर चालू स्थितीतच असतं. त्याला लायसन्स लागणार, आयातीची परवानगी लागणार, इकडून बाहेर न्यायचं म्हणजे अमेरिकेचे एक्स्पोर्टचे नियम आधी तपासावे लागणार. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. गावाकडे आजोबांचं लायसन्सचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा, वारसाहक्काने नावावर करायला किती खेटे घालावे लागतात, आणि निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायला कसं बोलावणं येतं. मुंबई विमानतळावर चुकून बॅगेत राहिलेलं एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवतात, तिथे तुम्ही आख्खं कोल्ट घेऊन उतरणार आणि मोबाईलमधला हा मेसेज दाखवणार का?