‘जुना गोलकीपर’ यांना उत्तर : बिली मॉर्गन, केरी आणि माझं एक फसलेलं वाक्य

काका, वय एकाहत्तर असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडलो. जेवणं उरकल्यावर पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की निम्म्याहून जास्त गोष्टी तुम्ही बरोबर धरल्या आहेत. म्हणून खाली दोन ओळी न टाकता सविस्तर लिहितोय.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तो बिली मॉर्गनवर होता. आयर्लंडमधल्या कॉर्क काउंटीचा (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) हा गेलिक फुटबॉलचा, म्हणजे हातापायाने खेळायच्या आयरिश फुटबॉलचा, गोलकीपर, पुढे त्याच काउंटीचा कोच झाला. ‘जुना गोलकीपर’ या नावाने लिहिणारे काका कोल्हापूरचे, पेठेच्या संघात बारा वर्षं गोलमध्ये उभे राहिलेले. त्यांचं म्हणणं असं : गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं म्हणून तो चांगला कोच होतो, हे माझं वाक्य थापेबाज आहे. कॉर्कने 1989 आणि 1990 ला ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटी-संघांची देशपातळीवरची स्पर्धा, जिंकली ती बाहेरून आणलेल्या दोन खेळाडूंच्या जोरावर. मी मॉर्गनचे पराभव लपवले. आणि शेवटी, मराठीत हे कोणासाठी लिहितोस?

पहिल्या मुद्द्यावर मी हात वर करतो. तुम्ही लिहिलंय, ‘बारा वर्षांत मला मागून काय दिसलं? आपल्याच बॅकांच्या पाठी आणि चिखल.’ हे वाचून घरात मोठ्याने हसलो. ते वाक्य लिहिताना मला ते फार छान वाटलं होतं, आणि छान वाटणारं वाक्य तपासायचं राहून जातं. तपासलं असतं तर पॅडी कुलन आठवला असता. डब्लिनचा गोलकीपर, मॉर्गनचाच समकालीन. 1974 च्या फायनलमध्ये गॉलवे काउंटीची पेनल्टी त्याने अडवली, 1974, 1976, 1977 असे तीन ऑल-आयर्लंड किताब त्याच्या नावावर. पुढे तोही आपल्या काउंटीचा मॅनेजर झाला. 1991 साली मीथविरुद्ध पहिल्याच फेरीत तीन वेळा बरोबरी झाली आणि चौथ्या सामन्यात डब्लिन एका गुणाने गेलं. 1992 ला फायनल गाठली, ती डोनेगॉलने जिंकली. मैदान त्यालाही मागूनच दिसत होतं की! तेव्हा ते वाक्य मी मूळ लेखातून काढलं आहे.

पण मग मॉर्गनला कोच कशाने केलं? गोलमध्ये उभं राहण्याने नव्हे, तर गोलमध्ये उभा असताना केरीने, म्हणजे शेजारच्या काउंटीने, त्याचं जे केलं त्याने, असं माझं आता मत आहे. हे नीट सांगायला हवं, कारण मागच्या लेखात मी केरीला दोन ओळींत गुंडाळलं होतं.

मॉर्गन 1966 साली कॉर्कच्या गोलमध्ये आला आणि 1981 पर्यंत राहिला. 1967 ची फायनल मीथशी हरला. 1973 ला कॅप्टन म्हणून जिंकला, गॉलवेला 3-17 विरुद्ध 2-13 असं हरवून. (पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट. बारखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. बारवरून दोन खांबांच्या मधून गेला तर त्या काळी एक.) कॉर्कने त्याआधी किताब जिंकला होता तो 1945 ला, म्हणजे मॉर्गन जन्मला त्या वर्षी. अठ्ठावीस वर्षांनी करंडक आला आणि तो उचलला एका गोलकीपरने. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, गोलकीपरच्या हिशेबात ऐन उमेदीचा. पुढची सगळी वर्षं आपलीच, असं वाटायला हरकत नव्हती.

आणि मग 1975 उजाडलं. कॉर्क आणि केरी ज्या मन्स्टर प्रांतात येतात त्याचा किताब केरीने त्या वर्षी घेतला आणि 1982 पर्यंत सोडलाच नाही. सलग आठ. त्या काळी स्पर्धा बाद पद्धतीची होती. प्रांतात हरलात की वर्ष संपलं, दुसरी संधी नाही. गणपतीच्या आधीच विसर्जन, म्हणा ना. मॉर्गनची गोलमधली शेवटची सात वर्षं या आठांत गेली. दरवर्षी हिवाळाभर तयारी, जुलैत केरीशी गाठ, आणि घरी. देशातला उत्तम गोलकीपर, 1973 ला देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस, आणि सात उन्हाळे त्याला त्याच शेजाऱ्याने दार लावून घेतलेलं.

तुम्ही गोलमध्ये होतात, तुम्हाला मी काय सांगावं? फॉरवर्डला वाईट दिवस आला तर त्याला बदलतात. गोलकीपर मात्र गोल खाऊनही तिथेच उभा राहतो, वाकून बॉल काढतो, पुन्हा किक मारतो. गेलिक फुटबॉलमध्ये तर आणखी एक छळ आहे. बारवरून जाणाऱ्या बॉलला तो बहुतेक वेळा हातही लावू शकत नाही. मान वर करून बघत राहायचं, आणि बाजूचा अंपायर पांढरा झेंडा फडकवतो तो ऐकायचा. गोल झाला तर हिरवा. सात वर्षं हे झेंडे ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय साठत असेल!

1986 च्या शेवटी तो कॉर्कचा कोच झाला. 1987 ची मन्स्टर फायनल, समोर अर्थातच केरी. अगदी शेवटी केरीच्या माइकी शीहीने गोल मारला आणि जुनीच गोष्ट पुन्हा घडणार असं वाटत असताना कॉर्कच्या लॅरी टॉम्प्किन्सने फ्री किकवर पॉइंट घेऊन बरोबरी साधली. फेरसामना किलार्नीला, म्हणजे केरीच्या अंगणात. तो कॉर्कने जिंकला. मग 1988, 1989, 1990. सलग चार वर्षं मन्स्टर कॉर्ककडे. ज्याला केरीने सात वर्षं घरी बसवलं त्याने केरीला चार वर्षं घरी बसवलं. मागच्या लेखात लिहायला हवं होतं ते हे. दृष्टिकोन वगैरे सगळा फापटपसारा होता.

आता टॉम्प्किन्सचं नाव आलंच आहे, तर तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे. हो, लॅरी टॉम्प्किन्स आणि शे फाही हे दोघे किल्डेअर काउंटीचे. हो, त्यांच्याशिवाय ते संघ तसे नसते. पण ‘आणले’ या शब्दाला माझी हरकत आहे. या खेळात खेळाडूला पगार नाही, खरेदी-विक्री नाही. फाही लष्करात अधिकारी, त्याची नेमणूक कॉर्कला. टॉम्प्किन्सचं किल्डेअरच्या मंडळाशी विमानाच्या तिकिटाच्या पैशांवरून बिनसलं होतं. पेठेच्या संघांत परदेशी खेळाडू दिसायला लागले तेव्हा कोल्हापुरात जो वाद झाला, तो तुमच्या मनात असावा असा मला संशय आहे. इथे प्रकरण जरा वेगळं आहे.

शिवाय एक साधा हिशेब बघा. हे दोघे 1987 मध्येही होते, 1988 मध्येही होते. दोन्ही फायनल कॉर्क हरलं, दोन्ही मीथशी. मग 1989 ला मेयोविरुद्ध आणि 1990 ला पुन्हा मीथविरुद्ध जिंकलं ते कशाने?

1988 आणि 1990 या दोन सामन्यांपाशी मी जरा थांबतो, कारण मला यातच कोच दिसतो. 1988 ची फायनल बरोबरीत सुटली. फेरसामन्यात सुरुवातीच्या काही मिनिटांतच मीथच्या जेरी मॅकेंटीला बाहेर काढलं. मीथ चौदा, कॉर्क पंधरा. जवळजवळ अख्खा सामना कॉर्ककडे एक माणूस जास्त, आणि कॉर्क हरलं. 0-13 विरुद्ध 0-12, एका पॉइंटने. एक माणूस जास्त असणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. तो मोकळा माणूस नेमका कुठे ठेवायचा? बहुतेक संघ त्याला मागे ठेवतात, ‘सुरक्षित’ म्हणून. मग पुढे माणसाला माणूस तेवढेच राहतात. समोरचे चौदा मात्र पेटून उठलेले असतात. तुम्ही शाहू स्टेडियमवर हे कितीदा पाहिलं असेल.

दोन वर्षांनी तेच दोन संघ, तीच फायनल, डब्लिनचं तेच क्रोक पार्क मैदान. मध्यंतराच्या आधी कॉर्कचा कॉलम ओनील बाहेर. आता कॉर्क चौदा. कॅप्टन टॉम्प्किन्सचा गुडघा त्याच सामन्यात गेला तरी तो खेळत राहिला. निकाल 0-11 विरुद्ध 0-9, कॉर्क विजयी. एकही गोल न मारता, आणि एकही गोल न खाता. गोलमध्ये जॉन केरिन्स होता. कॉर्कच्या हर्लिंगवाल्यांनी (हर्लिंग हा काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ) त्याच महिन्यात आपला किताब जिंकला होता, टेडी मॅकार्थी तर दोन्ही संघांत होता, त्यामुळे गावात लोक आजही 1990 म्हटलं की ‘डबल’ म्हणतात. मला मात्र तो सामना 1988 च्या पेपराची सोडवलेली उत्तरपत्रिका वाटतो. चौदा जणांनी कसं जिंकायचं हे मीथने कॉर्कला दाखवलं होतं, आणि ते लक्षात ठेवणारा माणूस बाकावर बसला होता. हा माझा अंदाज आहे, मॉर्गनचं म्हणणं नव्हे. पण किल्डेअरच्या दोघांपेक्षा या अंदाजात मला जास्त दम दिसतो.

तिसरा मुद्दा, पराभव लपवल्याचा. तुम्ही यादीच काढलीत : खेळाडू म्हणून 1967, कोच म्हणून 1987, 1988, 1993 आणि 2007. आठ फायनलपैकी पाच हरलेल्या. मोजणी बरोबर आहे, मूळ लेखात घातली आहे. लपवायचा हेतू नव्हता, पण 2003 च्या शेवटी सुरू झालेली त्याची दुसरी कारकीर्द मी एका ओळीत उरकली हे खरंच. खरं तर तिच्यातच सगळ्यात कडवट विनोद आहे.

मधल्या काळात स्पर्धेचे नियम बदलले होते. 2001 पासून प्रांतात हरलेल्या संघाला ‘मागच्या दाराने’ परत यायची सोय झाली. 2006 ला मॉर्गनच्या कॉर्कने मन्स्टरच्या फायनलमध्ये केरीला फेरसामन्यात हरवलं. जुन्या नियमाने केरीचं वर्ष तिथे संपलं असतं, जसं मॉर्गनचं सात वेळा संपलं होतं. पण केरी मागच्या दाराने आलं, ऑल-आयर्लंडच्या सेमीफायनलला पुन्हा कॉर्कसमोर उभं राहिलं, आणि जिंकलं. त्याच्या तरुणपणी त्याला दुसरी संधी नव्हती. ती आली तेव्हा केरीला मिळाली. 2007 ला तर हे दोघे थेट फायनललाच भिडले, मन्स्टरचे दोन संघ फायनलमध्ये समोरासमोर यायची ती पहिलीच वेळ. 3-13 विरुद्ध 1-9, केरीने धुतलं. मॉर्गनची काउंटीची कारकीर्द तिथे संपली.

तो गेल्यावर कॉर्कच्या खेळाडूंनी संप केला, नव्या मॅनेजरचे सहकारी मंडळाने नेमायचे की मॅनेजरने, यावरून. फेब्रुवारी 2008 मध्ये तडजोड झाली आणि संघ कॉनर कुनिहानकडे गेला. मॉर्गनच्या 1989-90 च्या संघातला हा खेळाडू. त्याने 2010 चा किताब आणला.

क्लक्स्टनबद्दल तुम्ही जाता जाता टोमणा मारलात, की खरा कोच-गोलकीपर तो, मॉर्गनच्या काळी नुसती लांब किक मारायचे. मान्य. डब्लिनच्या स्टीफन क्लक्स्टनने गोलकिक म्हणजे पासच करून टाकला आणि 2023 पर्यंत नऊ ऑल-आयर्लंड पदकं मिळवली. पण 2025 पासून नवा नियम आलाय : किक चाळीस मीटरच्या कमानीपलीकडे जायलाच हवी. म्हणजे पुन्हा लांब किक, आणि मधल्या फळीत बॉलसाठी उड्या.

काउंटी सुटली तरी मॉर्गन घरी बसला नाही. त्याचा क्लब नेमो रेंजर्स, कॉर्क शहराच्या दक्षिणेकडचा. त्यांच्यासाठी खेळाडू म्हणून तीन ऑल-आयर्लंड क्लब किताब, आणि 2003 ला कोच म्हणून आणखी एक. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कच्या पोरांना घेऊन 2011, 2014 आणि 2019 असे तीन सिगरसन कप (कॉलेज-विद्यापीठांची गेलिक फुटबॉल स्पर्धा). 2019 ला त्याचं वय चौऱ्याहत्तर. तुमच्याहून तीन वर्षांनी मोठा होता तेव्हा, आणि तो फेब्रुवारीच्या गारठ्यात मैदानाच्या कडेला उभा होता. (हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय.)

राहिला शेवटचा प्रश्न, मराठीत हे कोणासाठी. नोकरीच्या निमित्ताने कॉर्कला येऊन नऊ वर्षं झाली. मुलगी इथल्या क्लबात जाते. क्लब म्हणजे आपली तालीम समजा. कुठल्या क्लबात खेळायचं हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं, शाळेतल्या मैत्रिणी वैरिणी होतात, आणि पालकांना राबवून घेतात. मागच्या वर्षी एका शनिवारी मला पकडून दोन झेंडे हातात दिले आणि खांबापाशी उभं केलं. पाऊस, वारा, नऊ-दहा वर्षांच्या मुली. बॉल बारच्या जरा वरून गेला की खालून, मला कळलंच नाही, कारण मी गोलमधल्या चिमुरडीकडे बघत होतो. ती रडायच्या बेतात होती. मी पांढरा झेंडा वर केला. समोरच्या संघाचे आईबाप ओरडायला लागले, ‘गोल होता, गोल!’ रेफरीने माझ्याकडे पाहिलं, मी झेंडा खाली केला आणि हिरवा उचलला. ती पोर वळून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती अजून आठवते. मग तिने वाकून बॉल उचलला, हातमोजे पँटला पुसले आणि किक मारायला गेली.

तो लेख त्या रात्री सुरू केला होता. त्यात हा प्रसंग घालायचा राहिला आणि मैदान मागून दिसण्याबद्दलचं ते वाक्य गेलं. तुम्ही पकडलंत ते बरं झालं. बारा वर्षांतला एखादा गोल अजून डोळ्यासमोर येत असेल तर खाली लिहा, काका. अडवलेला नको, खाल्लेला.