मुलं किती कमावतात, हे न विचारता

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हाताऱ्या आईवडिलांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरं परदेशी गेली आणि म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडलं (ही पोरं म्हणजे आम्हीच). दुसरा म्हणतो, आता चांगले वृद्धाश्रम निघालेत, जायला काय हरकत आहे? ज्या घरात ही माणसं चाळीस वर्षं राहतात, त्या घराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. कोथरूडला, डोंबिवलीला लिफ्ट नसलेल्या तीन मजली जुन्या सोसायट्या किती तरी आहेत. प्रवेशालाच पायऱ्या, जिन्याचा कठडा हलणारा, बाथरूमला उंबरठा आणि आत गुळगुळीत फरशी. गुडघे गेलेला माणूस वरच्या मजल्यावर अडकून पडायला एवढं पुरतं. मग मुलगा न्यू जर्सीत असो नाहीतर शेजारच्या खोलीत.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे म्हातारा माणूस घरात धडपडायला लागला की कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, फोन करायचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येतो आणि तुम्हाला रोजचं साधं काम करायला लावून बघतो: खुर्चीतून उठा, जिना चढा, चहाची किटली भरा. कुठे हात टेकता, कुठे थबकता, यावरून घरात काय बदल करायचा ते ठरतं. भिंतीला आधाराची दांडी, जिन्याला दुसरा कठडा अशी 1,000 पौंडांपर्यंतची कामं गरज ठरली की फुकट होतात. मोठ्या कामांना, म्हणजे जिन्याच्या कडेने सरकणारी खुर्ची, उंबरठा नसलेली न्हाणी, रुंद दारं, यांना ‘डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट’ असतं. नावात अपंगत्व असलं तरी ते घेणाऱ्यांत मोठा भरणा वयस्करांचाच.

या ग्रँटसाठी अर्जदाराची आणि त्याच्या जोडीदाराची मिळकत आणि शिल्लक तपासतात. मुलं काय कमावतात, हे विचारत नाहीत. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पहिल्यांदा मुलांकडेच बोट दाखवतो: त्यांनी पोटगी द्यावी, नाही दिली तर न्यायाधिकरणाकडे जा. बेपर्वा पोरांसाठी असा कायदा हवाच. पण चांगल्या मुलाच्या आईलाही बाथरूममध्ये दांडी लागते, आणि ती दांडी मागायला तिने पोराविरुद्ध अर्ज करायचा का?

इथलं सगळं गोड आहे असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये ग्रँटची कमाल मर्यादा 30,000 पौंड आहे, ती 2008 पासून जागची हललेली नाही. मजुरी आणि सामान कुठल्या कुठे गेलं. पूर्ण अर्ज आल्यावर कौन्सिलने सहा महिन्यांत निर्णय द्यावा असा कायदा आहे, पण थेरपिस्टची वाट बघण्यात जे महिने जातात ते त्यात धरत नाहीत. शिवाय दांड्या बसवलेल्या त्या घरात माणूस दिवसदिवस एकटा असतो. मदतनीस येते ती घड्याळ लावून. आपल्याकडे कामवाल्या मावशी असतात, वाण्याचा पोऱ्या असतो, ‘काका, आज खाली उतरला नाहीत?’ म्हणणारा वॉचमन असतो. पैसे मोजूनही इथे हे मिळत नाही. म्हणून मला वाटतं, पुण्याच्या म्हाताऱ्याला फक्त नीट बाथरूम आणि उतरता येणारा जिना दिला, तर तो इथल्या म्हाताऱ्यापेक्षा सुखात राहील.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकदा 3,000 रुपये येतात. चष्मा, काठी, कमोड खुर्ची घ्यायला. खुर्ची येईल, पण ती संडासाच्या दारातून आत जायला हवी ना! त्याच वर्षी महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, निवृत्तांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले: लिफ्ट, रुंद दारं, बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या. उत्तम नियम आहेत. पण ते नव्या प्रकल्पांसाठी, म्हणजे ज्याला तिथे फ्लॅट परवडतो त्याच्यासाठी. जुन्या सोसायटीतल्या पेन्शनरला त्याचा काय उपयोग?

त्याला सगळे सांगतात, थांबा, रीडेव्हलपमेंट होईल, लिफ्ट येईल. ऐंशीच्या माणसाला सामानसुमान बांधून दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात जा म्हणायचं, ओळखीचा डॉक्टर आणि कट्टा सोडून, हा सल्ला देणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डात एक फिजिओथेरपिस्ट आणि एक गवंडी नेमावा, कामांची छोटी यादी ठरवावी, आणि 70 वर्षांवरच्या कुणालाही मुलांची चौकशी न करता ती कामं करून द्यावीत, एवढीच माझी मागणी आहे. ‘तिकडे कर किती घेतात बघा’ हे उत्तर मला ठाऊक आहे. खरंच घेतात. पण दांडी आणि सिमेंटला इंग्लंडएवढा कर लागत नाही, आणि मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं तरी सरकारचे पैसे खर्च होतातच. त्याआधी सोसायट्यांना मात्र एक काम पैशांशिवाय करता येईल: कुणी स्वतःच्या खर्चाने रॅम्प घालतो म्हणाला, तर ‘स्कूटर कुठे लावायच्या?’ म्हणून त्याचा अर्ज अडवू नये.