‘अनिमो’ संस्कृतातून आलेला नाही
एस्पेरान्तो या मुद्दाम रचलेल्या भाषेत आत्म्याला ‘अनिमो’ म्हणतात आणि तो आपल्या ‘अनिल’वरून घेतला, असं लेखात ठोकून दिलंय. हे काही पटलं नाही. एस्पेरान्तोचा निर्माता झामेनहोफ याने १८८७ साली वॉर्सात ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हा बहुतेक धातू युरोपीय भाषांतूनच उचलले होते. ‘अनिमो’ सरळ लॅटिन ‘अनिमा’चा. ‘अनिमा’ आणि आपले ‘अनिल’, ‘प्राण’ हे शब्द श्वास घेणे या एकाच जुन्या मुळाचे, हे खरं. पण ती चुलत भावंडं झाली, बाप-लेक नव्हेत. जगातला दिसेल तो शब्द संस्कृतच्या खात्यावर टाकायची ही हौस कधी सुटणार कोण जाणे!

खरी गंमत आहे ‘स्पिरितो’त (म्हणजे चैतन्य, मन), आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही. हाही लॅटिनच. पण एस्पेरान्तोत ‘स्पिरि’ म्हणजे श्वास घेणे आणि ‘-इत-’ हा भूतकाळी कर्मणी प्रत्यय. त्यामुळे आमच्यासारखे शिकाऊ लोक तो शब्द हमखास फोडून बघतात आणि अर्थ निघतो, ‘श्वासात घेतला गेलेला’. कोशात मात्र ‘स्पिरितो’ स्वतंत्र धातू आहे. साध्या श्वासाला ‘स्पिरो’ म्हणतात.